हरभऱ्याच्या गाठीतला जिवाणू प्लेटवर आणताना

रब्बीच्या हंगामात सूक्ष्मजीवशास्त्राच्या आणि कृषीच्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला एक प्रकल्प हमखास येतो: हरभऱ्याच्या मुळावरच्या गाठींतून रायझोबियम वेगळा काढायचा. कागदावर काम सोपं दिसतं. गाठ धुवायची, ठेचायची, प्लेटवर रेघा ओढायच्या आणि इनक्युबेटरचं दार लावायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी प्लेट भरून आलेली दिसते, मोबाइलवर फोटो निघतात आणि वहीत ‘रायझोबियमची जोमदार वाढ’ अशी नोंद होते. खरं तर चोवीस तासांत भरलेली प्लेट पाहून आधी शंका यायला हवी. गाठीतला जिवाणू इतक्या घाईने उगवत नाही. शेतात पेरलेल्याच्या आधी तण वर येतं, तसंच इथेही होतं.

का, ते हिशेबानेच कळेल. नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या बारीकशा वसाहतीत, म्हणजे कॉलनीत, साधारण दहा लाख ते एक कोटी पेशी असतात. एका पेशीपासून तिथवर जायला वीस ते तेवीस वेळा दुप्पट व्हावं लागतं. वीस दुपटींत साडेदहा लाख होतात, तेविसाव्याला ८४ लाख. मातीतून, बोटांवरून, हवेतल्या धुळीतून येणारे बॅसिलससारखे जिवाणू खाणं मिळालं की अर्ध्या तासात दुप्पट होतात. त्यांना दहा-बारा तास पुरे. हरभऱ्याच्या गाठीत राहणारा मेसोरायझोबियम एका दुपटीला चारेक तास घेतो असं धरा. मग वसाहत दिसायला साडेतीन-चार दिवस लागणारच. सोयाबीन आणि भुईमुगातला ब्रॅडीरायझोबियम तर आणखी निवांत. आठ तासांची एक दुप्पट धरली तरी आठवडा जातो. शिवाय यात सुरुवातीचा सुस्त काळ धरलेलाच नाही. नव्या माध्यमात पडलेली पेशी लगेच विभागत नाही. आधी तिथलं खाणं पचवायची तयारी करते, मग वाढीला लागते. ज्याला आपण लॅग फेज म्हणतो तो हाच. परीक्षेत चार अवस्थांची आकृती सगळेच काढतात, पण इनक्युबेटरसमोर उभं राहिल्यावर तिचा अर्थ एवढाच की घाई चालणार नाही.

म्हणून या कामात दोनच गोष्टी जपायच्या: घाईने वाढणाऱ्यांना शक्य तेवढं बाहेर ठेवायचं, आणि सावकाश येणाऱ्याची वाट पाहायची. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

सुरुवात शेतात होते. झाड फुलोऱ्याच्या सुमाराला, पेरणीनंतर साधारण ४० ते ५० दिवसांनी घ्या. घाटे भरायला लागले की गाठी म्हाताऱ्या होतात. झाड उपटू नका. उपटलं की बारीक मुळं आणि त्यांच्यावरच्या गाठी मातीतच राहतात. खुरप्याने वीतभर घेर सोडून ढेकळासकट उचला आणि माती बादलीतल्या पाण्यात विरघळू द्या. एखादी गाठ ब्लेडने कापून पाहा. आत गुलाबी-लालसर रंग हवा. तो लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जातकुळीतल्या प्रथिनाचा रंग, आणि तो असेल तर गाठ कामाची आहे. पांढरट गाठीत जिवाणू असतील पण नत्र बांधला जात नसेल. हिरवट-तपकिरी गाठीचं आयुष्य संपत आलंय. गाठ मुळापासून तोडताना दोन्ही बाजूंना अर्धा सेंटीमीटर मूळ राहू द्या. पुढे चिमट्याने धरायला तो दांडा लागतो, आणि गाठीच्या सालीला जखम होत नाही. शेत लांब असेल तर गाठी ओल्या कपड्यात गुंडाळून त्याच दिवशी आणा. दोन-चार दिवस लागणार असतील तर बाटलीत सिलिका जेलवर कापूस ठेवून त्यावर गाठी सुकवा. वापरण्याआधी पाण्यात भिजवल्या की पुन्हा फुगतात.

आता माध्यम. यीस्ट एक्स्ट्रॅक्ट मॅनिटॉल अगर हे या कामाचं जुनं, ठरलेलं माध्यम. एक लिटर डिस्टिल्ड पाण्याला मॅनिटॉल १० ग्रॅम, डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट अर्धा ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ०.२ ग्रॅम, सोडियम क्लोराइड ०.१ ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट अर्धा ते एक ग्रॅम, आणि पीएच ६.८ ला आणल्यावर अगर १५ ग्रॅम. त्यात काँगो रेडचं एक टक्का द्रावण अडीच मिलिलिटर. या पाककृतीत नत्र मुद्दाम कमी ठेवलेला आहे, आणि तिचं सगळं शहाणपण तिथेच आहे. पेप्टोनवर पोसलेले उतावळे जिवाणू इथे जरा उपाशी राहतात. ‘वाढ चांगली यावी’ म्हणून यीस्ट एक्स्ट्रॅक्टचा चमचा उदार हाताने घालणारे भेटतात. त्याने परक्यांचं फावतं आणि आपल्या जिवाणूच्या पेशी मात्र फुगून वाकड्यातिकड्या होतात. मॅनिटॉल महाग म्हणून साखर घालायची कल्पना प्रत्येक बॅचमध्ये कुणाला तरी सुचते. हरभऱ्यासाठी एक वेळ निभेल, पण सोयाबीन-भुईमुगाचे सावकाश वाढणारे जिवाणू बहुधा साखर खात नाहीत. प्लेट कोरी राहते आणि दोष इनक्युबेटरला जातो. काँगो रेड हाताळताना मात्र हातमोजे घाला, तो रंग शरीराला चांगला नाही.

अगरची आठवण इथे काढायलाच हवी, कारण आपल्यासारख्या उष्ण मुलखात त्याच्याशिवाय हे काम झालंच नसतं. रॉबर्ट कॉख आधी उकडलेल्या बटाट्याच्या कापांवर जिवाणू वाढवायचे, मग जिलेटिनवर. जिलेटिन पंचवीस-तीस अंशांच्या आसपास पातळ होतं, आणि कित्येक जिवाणू ते खाऊनही टाकतात. कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वॉल्टर हेसे यांच्या पत्नी फॅनी स्वयंपाकात जेली करायला अगर वापरत. १८८१ मध्ये त्यांनी ते सुचवलं. ते उकळीजवळ वितळतं, पण एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळायला तितकीच उष्णता लागते. ज्यूलियस पेट्री यांची झाकणाची बशी त्यानंतर, १८८७ मध्ये आली. वाण्याकडे चायना ग्रास म्हणून मिळतं ते अगरच. सराव करायला हरकत नाही, पण त्यातले क्षार आणि गढूळपणा यांचा भरवसा नाही, म्हणून मोजणीच्या कामाला ते घेऊ नका.

माध्यम १२१ अंशांवर, १५ पौंड दाबाने, १५ ते २० मिनिटं निर्जंतुक करायचं. ऑटोक्लेव्ह नसेल तर घरचा मोठा कुकर चालतो, पण त्याचीही एक रीत आहे. आधी शिट्टी न लावता पाच मिनिटं वाफ बाहेर जाऊ द्या, म्हणजे आतली हवा निघून जाते. हवा अडकली तर दाब दिसतो पण तापमान तेवढं होत नाही. मग शिट्टी लावा, दाब आला की आच मंद करा आणि पंचवीसेक मिनिटं ठेवा. फ्लास्क अर्धेच भरा, बोळ्यावर कागद बांधा. आणि संपल्यावर शिट्टी उचलू नका. दाब एकदम उतरला की माध्यम उसळून बोळा भिजवतं, आणि ओला बोळा म्हणजे बुरशीला मोकळी वाट. कुकर आपला आपण गार होऊ द्या.

माध्यम ४५ ते ५० अंशांवर आलं, म्हणजे फ्लास्कचा तळ मनगटाला सोसवेल इतपत, की प्लेटमध्ये ओता. नऊ सेंटीमीटरच्या बशीला वीसेक मिलिलिटर लागतं, लिटरभरात पन्नास प्लेट होतात. फार गरम ओतलं तर झाकणाखाली पाणी साचतं आणि तेच थेंब नंतर वसाहतींवर पडून सगळं मिसळून टाकतात. दोन-तीन प्लेट तशाच कोऱ्या इनक्युबेटरमध्ये दोन दिवस ठेवायला विसरू नका. त्यांवर काही उगवलं तर बाकीच्यांवर जे उगवेल त्यावर विश्वास ठेवता येणार नाही.

गाठीच्या सालीवर मातीतले लाखो जिवाणू बसलेले असतात. त्यांना मारायचं आणि आतल्याला हात लावायचा नाही, असं नाजूक काम पुढे आहे. गाठ ९५ टक्के अल्कोहोलमध्ये दहा-पंधरा सेकंद बुडवा, त्याने पृष्ठभाग ओला होतो आणि हवेचे बुडबुडे सुटतात. मग तीन टक्के सोडियम हायपोक्लोराइटमध्ये तीन-चार मिनिटं. जुन्या पुस्तकांत इथे मर्क्युरिक क्लोराइड लिहिलेलं आढळेल. ते वापरू नका. पारा बेसिनमधून कुठे जातो याचा विचार करा. हायपोक्लोराइटने काम भागतं. त्यानंतर निर्जंतुक पाण्याचे पाच-सहा धुवे द्या, दर वेळी नवीन पाणी घेऊन. शेवटच्या धुव्याच्या पाण्याचा एक थेंब एका प्लेटवर पसरा, आणि एक न ठेचलेली गाठ दुसऱ्या प्लेटवर चहूबाजूंनी लोळवून घ्या. या दोन प्लेट कोऱ्या राहिल्या तर तुमची गाठ बाहेरून स्वच्छ होती. बहुतेक अहवालांत या प्लेटचा उल्लेखच नसतो, आणि मला तरी त्यांच्याशिवाय अहवाल वाचवत नाही.

लॅमिनार नसेल तर दार-खिडक्या लावून, पंखा बंद करून, ज्योतीच्या वीतभर अंतरात काम करा. टेबल स्पिरिटने पुसलं असेल तर ते पूर्ण वाळू द्या, मगच दिवा पेटवा. गाठ निर्जंतुक काचकांडीने दोन थेंब पाण्यात ठेचा, पाणी दुधाळ होईल. लूप लालबुंद करून अगरच्या कडेला टेकवून गार करा. गरम लूप चरचरली तर जिवाणू जागीच मेले. पहिल्या भागात थोड्या रेघा, पुन्हा लूप तापवून गार करून त्या रेघांच्या टोकाला एकदाच स्पर्श करून दुसरा भाग, तसाच तिसरा आणि चौथा. दर टप्प्याला लूप तापवली नाही तर चारही भाग सारखेच दाट येतात आणि सुटी वसाहत मिळत नाही. प्लेट उलटी, माध्यमाची बाजू वर करून ठेवा.

इनक्युबेटर २८ ते ३० अंशांवर. इथे मराठवाडा-विदर्भातल्या कॉलेजांची एक खरी अडचण आहे: साधा इनक्युबेटर फक्त तापवतो, थंड करत नाही. एप्रिल-मे महिन्यात खोलीच चाळिशीला असते, तेव्हा तबकडीवर २८ लावून उपयोग नाही. गार करणारा बीओडी इनक्युबेटर नसेल तर प्रकल्प डिसेंबर-जानेवारीतच उरकून घ्या, नाहीतरी झाडं तेव्हाच मिळतात. प्लेट अंधारात राहू द्या. उजेडात रायझोबियमही काँगो रेड शोषून गुलाबी होतो आणि ओळखीचा घोळ होतो.

आता रोज बघायचं, पण झाकण न उघडता. एक सोपी सवय लावून घ्या. चोवीस तासांनी प्लेटच्या तळावर जे जे दिसेल त्याभोवती लाल मार्करने गोल करा. अठ्ठेचाळीस तासांनी जे नवीन येईल त्याला निळा गोल. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बिनगोलाच्या ज्या वसाहती दिसतील त्यांच्याकडे नीट पाहा: गोल, फुगीर, चकचकीत, पांढऱ्या किंवा अर्धपारदर्शक, फार तर फिकट गुलाबी, आणि लूप टेकवून उचलली तर डिंकासारखी तार सुटणाऱ्या. त्या आपल्या. गडद लाल झालेल्या, कोरड्या, सुरकुतलेल्या किंवा पिवळ्या वसाहती सोडून द्या, कितीही देखण्या असल्या तरी. लाल गोलातल्यांचा मोह मुळीच धरू नका.

वाढीच्या तऱ्हेवरून शुद्धता ओळखायची ही युक्ती जुनी आहे. १८९६ मध्ये प्लेगच्या साथीत मुंबईला आलेले वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या खोलीत प्लेगचा जिवाणू मांसरसात वाढवला, वर तुपाचे थेंब तरंगत ठेवून. तुपाला धरून जिवाणू खाली झुंबरासारखे लोंबत वाढत. तो आकार आला तर कल्चर खरं, नुसता गढूळपणा आला तर दुसरंच काहीतरी शिरलंय. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी त्या कल्चरपासून केलेली लस आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. आणि एवढी खबरदारी असूनही १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतली लस टोचलेली १९ माणसं धनुर्वाताने दगावली. बाटलीत परका जिवाणू नेमका कधी शिरला यावर वर्षानुवर्षं वाद झाला. हाफकिन अखेर १९०७ मध्ये दोषमुक्त झाले. आपल्या हरभऱ्यापायी कुणाचा जीव जाणार नाही, पण परका जिवाणू इथेही तसाच नकळत शिरतो.

निवडलेली वसाहत पुन्हा नव्या प्लेटवर ओढा, आणि सगळ्या वसाहती एकसारख्या येईपर्यंत हे करत राहा. मग ग्रॅम रंजन: गुलाबी, आखूड काड्या दिसायला हव्यात. त्यानंतर ग्लुकोज पेप्टोन अगरवर एक रेघ. रायझोबियम इथे जेमतेम वाढतो. रात्रीत भरभरून आला तर अॅग्रोबॅक्टेरियम किंवा दुसरा कुणीतरी. अॅग्रोबॅक्टेरियम दिसायला रायझोबियमचा भाऊच आणि गाठीच्या आतही सापडतो, म्हणून ही चाचणी टाळू नका. काँगो रेडऐवजी ब्रोमोथायमॉल ब्लू घातलेल्या माध्यमावर हरभऱ्याचा जिवाणू आम्ल सोडून पिवळं करतो, सोयाबीनचा निळं. तुलनेला खात्रीचं कल्चर हवं असेल तर पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, तिथून महाविद्यालयाच्या पत्रावर मागवता येतं.

मोजणी करायची तर द्रवातल्या वाढीतलं एक मिलिलिटर नऊ मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात, त्यातलं एक पुढच्या नऊमध्ये, अशी उतरंड. ३० ते ३०० वसाहतींचीच प्लेट मोजायची. दहा लाख पटीने पातळ झालेल्या द्रावणातलं ०.१ मिलिलिटर पसरलं आणि ४७ वसाहती आल्या, तर मूळ द्रवात मिलिलिटरला ४७ कोटी. केंद्राच्या खत नियंत्रण आदेशाप्रमाणे रायझोबियमच्या भुकटीच्या पाकिटात ग्रॅममागे किमान ५ कोटी आणि द्रवरूप खतात मिलिलिटरमागे १० कोटी जिवंत पेशी लागतात. तुमचा आकडा त्याच्या वर गेला म्हणून बाटली भरून शेजारच्या शेतकऱ्याला देऊ नका. आकडा किती आहेत ते सांगतो, कोण आहेत ते नाही. त्याच्या दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅमचं तपासलेलं पाकीटच बरं.

कोण आहेत हे झाडच सांगतं, आणि त्याला महिना लागतो. तोवर कल्चर स्लँटवर फ्रीजमध्ये चार अंशांना ठेवा, दोन-तीन महिन्यांनी नव्या स्लँटवर घ्या. वीस टक्के ग्लिसरॉलमध्ये डीप फ्रीजरला एक जोड ठेवली तर वर्षानंतरही हाताशी राहील. वापरलेल्या प्लेट मात्र आधी ऑटोक्लेव्ह, मगच कचऱ्यात.

आता कुंड्या. वाळू धुऊन निर्जंतुक करा, बियाणंही गाठीसारखंच बाहेरून निर्जंतुक करा. तीन गट हवेत: जिवाणू चोळलेलं बियाणं, न चोळलेलं, आणि न चोळलेलं पण नत्रयुक्त पाणी दिलेलं. पहिल्या दोघांना नत्र सोडून बाकी सगळी पोषकं असलेलं द्रावण द्या. वाळूवर निर्जंतुक बारीक खडीचा थर पसरा, कुंड्या एकमेकींपासून हातभर लांब ठेवा, आणि पाणी घालायला दर गटाला वेगळं भांडं ठेवा. चार-पाच आठवड्यांनी न चोळलेली झाडं पिवळी पडतील, चोळलेली हिरवी राहतील. मुळं धुऊन बघा. चोळलेल्यांवर गुलाबी गाठी हव्यात आणि दुसऱ्या गटाची मुळं साफ. जी मुळं साफ असायला हवी होती त्यांवरही गाठी निघाल्या तर पाण्याचं भांडं बदललं, वाळू नीट उकळली नाही किंवा धुळीने घोळ केला. तो पूर्ण संच टाकून पुन्हा लावावा लागतो, एखादीच कुंडी वगळून भागत नाही.

सगळं जुळलं तर या नव्या गाठींतून जिवाणू परत काढून पाहा. तीच चकचकीत, तार सुटणारी वसाहत, त्याच दिवसांच्या हिशेबाने यायला हवी. मग स्लँटच्या चिठ्ठीवर पीक, वाण, गाव, गट क्रमांक आणि तारीख लिहा. मेसोरायझोबियम सिसेरी असं पूर्ण नाव जनुकांची क्रमवारी तपासून घेतल्यावरच लिहायचं. तोवर ‘हरभऱ्यात गाठी करणारा’ एवढं पुरे.